मचव्याचं ताट

“पण ती शिडी मी लिहिलेलीच नाही, चाचा. मग चूक माझी कशी?”

मुकादमचाचांनी बशीतला उरलेला चहा शांतपणे संपवला.

“तुझी आहे असं मी म्हणालो का?” ते म्हणाले. “पान म्हणतंय.”

पान खरोखरच तसं म्हणत होतं. अंगणात उभ्या असलेल्या काशिनाथ भोईरने मोबाइल अमोघच्या नाकासमोर धरला होता. त्यावर ‘उधाण’ या साइटवरचं केवणे खाडीचं पान उघडलेलं होतं. ‘धक्क्याच्या उत्तर टोकाला लोखंडी शिडी आहे.’ आणि तळाशी लिहिणाऱ्याचं नाव: अमोघ तोडणकर.

शिडी गंजून कधीच समुद्राने नेली होती. काल काशिनाथचा भाऊ तिच्या भरवशावर होडीतून पाय टाकायला गेला आणि धपकन पाण्यात पडला. पोहता येत होतं म्हणून निभावलं.

“तूच ना तो तोडणकर?” काशिनाथ म्हणाला. “केवण्याचा धक्का बघितलास तरी का कधी?”

“अहो, हे वाक्य लिहिलं तेव्हा मी दुसरीत होतो!”

काशिनाथने चाचांकडे पाहिलं. “दुसरीतली पोरं लिहितात होय तुमच्याकडं?”

दुसरा कुणी असता तर इथे हसून वेळ मारून नेली असती. चाचा हसले नाहीत. त्यांनी फक्त अमोघकडे पाहिलं आणि वाट बघत बसले. वाट बघण्यात या माणसाचा हात धरणारा अख्ख्या किनाऱ्यावर कुणी नव्हता.

अमोघने लॅपटॉप ओढला आणि शिडीचं वाक्य तिथल्या तिथे काढून टाकलं.

“झालं. आता बघा.”

“आता बघून काय करू?” काशिनाथ म्हणाला. “पडायचा तो पडला.”

आणि तो पुटपुटत निघून गेला. त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि नेमकं काय राहिलं ते अमोघला कळलं नव्हतं.

इस्माईल मुकादमांची उभी हयात मालवाहू बोटींवर वायरलेस ऑफिसर म्हणून गेली. सावणे बंदरातल्या घरी ते परत आले तेव्हा लोकांना वाटलं, आता म्हातारा आरामखुर्चीत बसून देशोदेशीच्या गप्पा मारणार. म्हाताऱ्याने प्रोग्राम लिहायला घेतला. मोठ्या बंदरांची भरती-ओहोटी सगळीकडे छापून येते. पण कोपऱ्यातल्या खाडीच्या तोंडाशी पाणी केव्हा चढतं, वाळूचा दांडा केव्हा बुडतो, हे त्या त्या गावालाच ठाऊक. चाचा गावोगाव गेले आणि विचारून विचारून ते सगळं गोळा केलं. त्यातून ‘उधाण’ जन्माला आलं. ते फुकट होतं. कुणीही वापरावं, कुणीही उघडून बघावं, चुकलं असेल तर कुणीही दुरुस्त करावं.

‘उधाण’च्या साइटवर चाचांनी एक रीत पहिल्या दिवसापासून पाळली. प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, “माणूस बुडता बुडता वाचला, तर शिव्या कुणाला घालायच्या हे त्याला कळायला नको?”

हा प्रश्न ऐकून लोक हसायचे. चाचा मात्र तो अगदी गंभीरपणे विचारायचे.

आता साइटचं जुनं कोठार मोडकळीला आलं होतं. कोठार म्हणजे रेपॉझिटरी. साइटवरचा प्रत्येक बदल कुणी केला, केव्हा केला, कशासाठी केला, हे सगळं जिथे साठतं ती जागा. ते जुन्या पद्धतीचं होतं आणि चाचांच्या माजघरातल्या एका खोकणाऱ्या संगणकावर तग धरून होतं. ते नव्या कोठारात हलवायचं काम अमोघने अंगावर घेतलं होतं. अमोघ पुण्याला इंजिनिअर होऊन चाचांकडे शिकायला आलेला. पोरगा हुशार, हाताला वेग, आणि आपल्या वेगावर फार खूश.

काम पुरं झालं की जुनं कोठार बंद होणार होतं आणि नव्याची चावी अमोघला मिळणार होती. चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढी, पेनड्राइव्हसारखी वस्तू. ती संगणकाला लावणारा तो ‘उधाण’चा कर्ता. चाचा ती काळ्या दोऱ्यात गळ्यात घालत. काचबिंदूने त्यांची नजर दर वर्षी थोडी थोडी चालली होती. चावी कुणाला तरी द्यायलाच हवी होती, आणि अमोघला ती हवी होती. इतकी हवी होती की चाचा वाकले की त्याचे डोळे आधी दोऱ्याकडे जात.

आज चावीचा दिवस होता, आणि आजच हा काशिनाथ तडमडला होता.

“नाव चुकलं कसं?” चाचांनी विचारलं.

“तसं चुकलं नाही...” अमोघ म्हणाला. “जुन्या कोठारात नुसती टोपणनावं आहेत. भाई, एमके, बाबल्या. नव्याला पूर्ण नाव लागतं, ईमेल लागतो. सामान हलवणारा प्रोग्राम एकेका टोपणनावाशी अडून बसायचा. हा कोण? पुढे गेलं की परत, हा कोण? किती वेळ घालवायचा? मी सगळ्यांपुढे एकच नाव भरलं. माझं. मग सुसाट गेला.”

“हं.”

“मजकुराचं एक अक्षर बदललेलं नाही, चाचा.”

“हं.”

“वाचणाऱ्याला पाण्याच्या वेळेशी मतलब. लिहिलं कुणी, याला एवढं काय...”



अमोघने सांगितलं ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. नवं कोठार जगाला दिसत होतं. ज्या दिवशी तुम्ही काम केलं त्या दिवसाचा चौकोन तिथे हिरवा होतो. जुनं सगळं काम अमोघच्या नावावर चढल्यामुळे त्याचं पान भाताच्या खाचरासारखं हिरवंगार झालं होतं. ते बघून पुण्याच्या एका कंपनीने निरोप पाठवला होता, इतक्या वर्षांचं सातत्य हल्ली कुठे बघायला मिळतं, भेटायला या. अमोघ खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त नाही म्हटलं नव्हतं. माणसाला आपल्याबद्दलचा चांगला गैरसमज दुरुस्त करायची घाई कधीच नसते.

“मग... आज चावी?” त्याने विचारलंच.

चाचा फाटकाकडे बघत होते.

“कुणीतरी येतंय,” ते म्हणाले.

फाटकातून एक म्हातारी कोळीण आत आली. डोक्यावर टोपली, कपाळाला घाम. मागे रस्त्यावर रिक्षा थांबवून ठेवलेली.

“अमोघ तोडणकर हितंच असतो का?”

आता ही कुठल्या शिडीवरून पडली, अमोघला वाटलं.

चाचांनी बोट केलं. “हा.”

म्हातारीने टोपली उतरवली. पदराला हात पुसले. मग पुढे होऊन अमोघच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

“यमुना पावशे मी. कोंडल्याची. माझा मनोहर होडी घेऊन येत हुता रे. भरतीची येळ झाली हुती, दांडा बुडाल्यासारखा दिसत हुता. त्यानं मोबाइलवर तुझी ती ओळ वाचली.”

“कुठली ओळ?”

“आता मलाच इचारतोस? घरात सगळ्यांना पाठ झालीय. ‘दक्षिणेचा वारा असेल तर इथे दिलेल्या वेळेवर जाऊ नका. कोंडल्याच्या दांड्यावर पाणी दिसतं तेवढं नसतं.’ वारा दक्षिणेचाच हुता. मनोहर भाईर थांबला. त्याच्या मोरची होडी गेली, ती दांड्यावर फुटली. मानसं वाचली, पन होडी गेली. आमचं तर घरच त्या होडीवर हाय, बाबा.”

तिने टोपलीवरचं फडकं काढलं. आत रावस होता. ताजा, हातभर लांब, चंदेरी.

“हा मनोहरनं तुझ्यासाठी ठेवला. बाजारात नाय न्यायचा म्हनाला. नाय म्हनू नको.”

अमोघने तोंड उघडलं. सकाळी काशिनाथला सांगितलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, मी लिहिलेलं नाही, मी फक्त हलवलं. सकाळी ते किती झटकन निघालं होतं! आत्ता म्हातारी दोन्ही हातांनी मासा पुढे करून उभी होती, तिचे डोळे भरले होते, आणि ते वाक्य काही केल्या बाहेर येईना.

त्याने रावस घेतला.

“तुझ्या आईनं चांगलं वळण लावलंय,” यमुनाबाई म्हणाली. टोपली काखेत मारून ती गेली.

अंगणात दोघंच उरले. अमोघच्या हातात मासा, चाचांच्या हातात रिकामा कप.

“शिडी तुझी नाही,” चाचा म्हणाले.

“नाही.”

“मग रावस?”

कंपनीची शाबासकी अमोघला पचली होती. हा मासा हातातच जड झाला. तो तसाच, मासा घेऊन, फाटकापर्यंत धावत गेला. “आजी!” म्हणून त्याने हाक मारली. रिक्षा वळणापलीकडे गेली होती.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मला विचाराल तर पोरगा त्या दिवशी सर्वांत देखणा तेव्हाच दिसला.

“ती ओळ कुणाची, चाचा?”

“जुनं कोठार आहे अजून. बघ.”

अमोघने रावस केळीच्या पानावर ठेवला, हात धुतले आणि माजघरातल्या खोकणाऱ्या संगणकापाशी बसला. कोंडल्याचं पान काढलं. ओळ सापडली. पुढे टोपणनाव होतं, मचवा.

या मचव्याने ‘उधाण’मध्ये एवढी एकच ओळ लिहिली होती. तिच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. कशासाठी लिहिली, त्या रकान्यात दोनच शब्द होते. ‘बघितलं म्हणून.’

“हा कोण?” अमोघने विचारलं.

विचारलं आणि तो थबकला. हाच प्रश्न प्रोग्राम त्याला पुन्हा पुन्हा विचारत होता.

“माहीत नाही,” चाचा म्हणाले. “तेव्हा कुणीही चिठ्ठी पाठवून टोपणनाव मागायचं. यानं मागितलं, मी दिलं. एक ओळ लिहून गेला. आभाराची मेल पाठवली, ती परत आली. कोंडल्याला जाऊन घरोघर विचारलं. कुणीच ‘मी’ म्हणालं नाही.”

“बाकीचे?”

“बाकीचे सगळे माहीत आहेत.”

अमोघने खुर्ची पुढे ओढून घेतली.

“पुन्हा हलवतो,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”

“बरं,” चाचा म्हणाले आणि विळी घेऊन रावस साफ करायला बसले. जहाजावरची सवय होती त्यांना. मासा कापताना डोळ्यांची गरजही पडत नसे.

अमोघ एकेक टोपणनाव वाचू लागला आणि चाचा खवले काढता काढता माणसं सांगू लागले. आयुष्यभर मी बोलक्या आणि अबोल, दोन्ही प्रकारच्या विद्वानांना ऐकलंय. पण माणसांची नावं अशी, एकेकाला पाट मांडून बसवावं तशी घेणारा दुसरा पाहिला नाही.

“भाई?”

“दिनकर सारंग. वरच्या आळीतला. आता मुलीकडे असतो, ऐकू कमी येतं. मोठ्यानं बोल.”

“बाबल्या?”

“सुलेमान पटेल. गेला. त्याच्या मुलाला विचार, वडिलांचं नाव पूर्ण कसं लिहायचं.”

“एमके?”

“मरियम काझी. पोस्टात होती. केवण्याची शिडी तिची.”

अमोघ जरा कचरला. शिडीवाल्या बाईला काय सांगायचं? तरी त्याने फोन लावला. नावाचा घोळ सांगितला, भीत भीत शिडीचंही सांगितलं.

“शिडी गेली?” पलीकडून मरियमबाईंचा आवाज आला. “अरे देवा! तो पडलेला माणूस, त्याला लागलं नाही ना?”

“नाही, भिजले फक्त.”

“नंबर दे त्यांचा. मी बोलते. आणि हे बघ बाळा, त्या पानावर माझं नाव परत घाल. शिडी मीच लिहिली होती.”

फोन ठेवल्यावर अमोघला उमगलं. काशिनाथला सकाळी एवढंच तर हवं होतं. लागलं का, म्हणून विचारणारा कुणीतरी माणूस.

“चाचा,” तो काही वेळाने म्हणाला, “तुम्हाला सगळ्यांची नावं माहीत होती. पहिल्याच दिवशी सांगितली असतीत तर...”

“तू विचारलं नाहीस.”

यात टोमणा नव्हता. विळीवर तुकड्या पडत होत्या त्याच लयीत वाक्य पडलं.

दुपार कलली. आतून आमसुलाचा, तिरफळाचा वास येऊ लागला. अमोघने प्रोग्राम पुन्हा सुरू केला. तो सारंगांपाशी आला आणि पुढे गेला. सुलेमान पटेलांपाशी आला, पुढे गेला. मरियम काझींपाशी आला, शिडी घेऊन पुढे गेला. आणि मग थांबला.

मचवा. हा कोण?

“चाचा, ‘अज्ञात’ लिहू?”

“कुणाला अज्ञात?” आतून आवाज आला.

“म्हणजे... आपल्याला.”

“मग ते आपल्याबद्दल झालं. त्याच्या नावाच्या जागी आपल्याबद्दल कशाला लिहायचं?”

अमोघने ‘मचवा’ एवढंच लिहिलं.

“आणि ईमेल?”

“ती जागा रिकामी राहू दे.”

प्रोग्राम पुढे निघाला.

संपला तेव्हा अमोघने नव्या कोठारात स्वतःचं पान उघडलं. हिरवं खाचर गेलं होतं. तो चाचांकडे आला त्यानंतरचे चौकोन तेवढे उरले होते, सड्यावरच्या गवतासारखे विरळ. नव्या कोठारात सगळ्यांत शेवटी दोन ओळी त्याच्या नावावर होत्या. ‘साइट इथे हलवली.’ ‘केवण्याची शिडी आता नाही, ते वाक्य काढलं.’ त्याने पुण्याच्या कंपनीला निरोप लिहिला, तुम्ही पाहिलेलं काम माझं नव्हतं, माझं आता दिसतंय तेवढं आहे. पाठवायच्या बटणावर बोट क्षणभर अडखळलं. मग त्याने पाठवला. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण आपल्याला कडकडून भूक लागलीय हेही त्याच्या लक्षात आलं.

“झालं, चाचा.”

“मला वाचून दाखव.”

अमोघने वाचायला सुरुवात केली. चाचा दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिले. नावामागून नाव येत होतं. पटेलांचं नाव आलं तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला. मरियमबाईंचं आलं तेव्हा हसले. मचव्याचं आलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. शेवटी अमोघने स्वतःचं नाव वाचलं, जरा हळूच.

“मोठ्यानं वाच,” चाचा म्हणाले. “तूसुद्धा आहेस.”

अमोघने मोठ्यानं वाचलं.

“चल, जेवायला.”

स्वयंपाकघरात चटईवर तीन ताटं मांडली होती.

“अजून कोण यायचंय?” अमोघने विचारलं.

भांड्यातली मधली तुकडी, सगळ्यांत चांगली, चाचांनी चाचपून उचलली आणि तिसऱ्या ताटात वाढली. शेजारी भात घातला, त्यावर कालवण. पाण्याचा पेला भरून ठेवला.

“रावस मचव्याचा आहे,” ते म्हणाले. “आपण पाहुणे.”

दोघं जेवले. मासा इतका चांगला झाला होता की बोलायची गरजही नव्हती. तिसऱ्या ताटातल्या भाताची वाफ हळूहळू बसली.

हात धुऊन चाचा परत चटईवर आले. त्यांनी गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला. चावी मुठीत घेतली, अंगठ्याने एकदा कुरवाळली...

आणि तिसऱ्या ताटाशेजारी ठेवली.

इतके महिने अमोघ जिच्याकडे डोळे लावून बसला होता, ती हाताच्या अंतरावर होती. हात पुढे झाला. अर्ध्यावर थांबला.

“घेऊ?” त्याने विचारलं.

चाचांनी अंधूक डोळे त्या भरल्या ताटाकडे वळवले.

“मला काय विचारतोस? त्याला विचार.”